दोन चकत्यांचं भिंग

जितेशची सळी रोवेनाच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली.

रविवारी दुपारी उमेळे गावातल्या त्यांच्या वर्कशॉपच्या गाळ्यात तिघांशिवाय दुसरं कोणी नव्हतं. चर्चमध्ये मिस्सा उरकून तिचे बाबा, लुईस, डबा घेऊन आले होते. रोवेनाचा भागीदार म्हणून पाच वर्षं जितेश त्याच डब्यातलं जेवला होता. आज त्याने म्हाताऱ्याचा पंजा टेबलावरच्या लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळून टाकला होता.

पंजासमोर रोवेनाचं भिंग उभं होतं. काचेच्या दोन सपाट चकत्या, दोन्हींवर केसाहून बारीक रेघांची नक्षी. एकीवर दुसरी फिरवली की रेघांवर रेघा चढत आणि प्रकाश हवा तिथे एकवटे, जवळ किंवा लांब. पाच वर्षांत अशी एकच जोडी साधली होती.

जितेशने भिंगामागचा लेझर लावला. डोळ्यांना न दिसणारा, बशीएवढा झोत लुईसच्या हाताला नुसता कोमट लागत होता.

"शोध माझा, असं या कागदात लिहिलंय. सही कर. नाहीतर फिरवतो चकती."

"बाय, नको करू," लुईस म्हणाले. "माझा हात काय, तसाही म्हातारा झालाय."

"करते! आण कागद!"

पण उजवी बोटं मिटेनात. पेन गळून पडलं. डाव्या हाताने तिने कसंबसं नाव ओढलं.

"ही सही? मस्करी करतेस? कोण मानेल ही?"

"हात तूच मोडलास ना, शहाण्या!"

चिडून जितेशने सळी टेबलाला टेकवली आणि चकती किंचित फिरवली. लुईसच्या तळहातावर काळा ठिपका उमटला. धूर निघाला. जळक्या मांसाचा वास सुटला आणि म्हातारा गुरासारखा ओरडला.

रोवेनाने डाव्या हाताने सळी उचलली. जितेशचं डोकं हातभरावर होतं. पण तो पडला असता तरी झोत तसाच जाळत राहिला असता, आणि बटण होतं टेबलाच्या पलीकडे.

तिने सगळा जीव एकवटून भिंगावर घाव घातला.

काच फुटली. तुकडे जितेशच्या गालात, बोटांत घुसले. लुईसचं ओरडणं कण्हण्यावर आलं. झोत पुन्हा कोमट झाला होता.

"काय केलंस हे! अगं, काय केलंस!" जितेश किंचाळला.

रोवेनाने पलीकडे जाऊन बटण बंद केलं आणि डाव्या हाताने शेगडा सैल केला. तळहातात मसुराएवढं भोक पडलं होतं.

"चला बाबा."

जितेश जमिनीवर बसला होता. रक्ताळलेल्या बोटांनी एका तुकड्यावर दुसरा ठेवून तो फिरवून बघत होता.