टॉवेलचं दुसरं टोक

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालातल्या एका शनिवारी ती नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होती आणि लावता लावता शर्ट हुंगत होती. कसलातरी औषधी वास येत होता.

"उद्या तलावावर नक्की ना हो? दादाने मोटार धुऊन ठेवलीय. चालवायची तुम्हालाच."

"बघू. ऊन फार असेल."

"बसमध्ये लागत नाही वाटतं रोज ऊन?"

नवरा बसड्रायव्हर. स्टिअरिंग हातात मिळणार म्हटलं की भरल्या ताटावरून उठणारा माणूस! तिच्या भावाची मोटार गावाबाहेर काढायची, तर याच्याच हातून. आणि हल्ली सहलीचं नाव काढलं की हा अंग चोरायचा. सायकल विकून टाकली, म्हणे चालणं बरं असतं. पेपरला हात लावेना, म्हणे सगळं खोटंच छापतात. त्यात शेजारीण कानाशी लागली होती, "तुझ्या यांना दवाखान्याच्या चौकात पाहिलं गं. एका बाईचा हात धरून रस्ता ओलांडत होते."

तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. हा रविवार कुणाच्या नावाने राखून ठेवलाय यांनी?

संध्याकाळी टीव्हीवर मुलांची स्पेलिंगची स्पर्धा लागली. घरात तिचा एक कायदा होता. स्पर्धेतलं पोर माइकपुढे उभं राहिलं की शब्द पडद्याच्या तळाशी उमटायचा. तेवढी पट्टी टॉवेलने झाकायची आणि सगळ्यांनी ऐकून स्पेलिंग सांगायचं. बाबा टीव्हीला नाक लावून बसतात म्हणून मुलींनी त्यांना चोर ठरवलं होतं आणि शिक्षा म्हणून टॉवेल त्यांच्याकडे दिला होता. एक टोक टीव्हीच्या बटणाला अडकवलेलं, दुसरं त्यांच्या मुठीत.

दोन वेण्यांची एक मुलगी माइकपाशी आली आणि बटणाचं टोक सुटलं. टॉवेल खाली लोंबला, अक्षरं उघडी पडली. थोरलीने धाकट्या ठमीला कोपर मारलं. ठमीने सगळी अक्षरं धडाधड म्हणून टाकली.

"वा गं ठमे!" बाबांनी मूठ तशीच ताणून धरली होती. "एवढा अवघड शब्द! कधी शिकलीस?"

दोघी हसून लोळायला लागल्या. "बाबा, टोक सुटलंय! सगळं दिसतंय!"

"माहितेय मला. मुद्दामच सोडलं," असं म्हणून ते टोक अडकवायला गेले. हात बटणाच्या शेजारून गेला. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला बोटांनी कडा चाचपत चाचपत बटण सापडलं.

तिच्या मांडीवरचा शर्ट खाली घसरला.

मुली हात धुवायला गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात त्याच्यासमोर उभी राहिली. "ती बाई कोण?"

"कोण बाई?"

"दवाखान्याच्या चौकातली."

"ती होय! काय माहीत. मी कडेला उभा होतो, तिने हात धरून पलीकडे नेलं. नावही नाही विचारलं."

खरोखरच एखादी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"थेंब दिलेत. पण नजर उतरणीलाच लागलीय म्हणाले."

"उद्या नको जायला. दादाला मी सांगते. आणि सोमवारी?"

"रस्ता पाठ आहे गं मला. एकेक खड्डा पाठ आहे."

"रस्त्यावर येणारी पोरं पाठ आहेत?"

बाहेर मुली नवा शब्द घोकत होत्या.

सोमवारी तो डेपोत लवकर गेला आणि साहेबांसमोर किल्ली ठेवून आला. चौकशीच्या खिडकीत त्याला बसवलं. बसच्या वेळा तोंडपाठ असल्यामुळे निवृत्तीपर्यंत कुणाला फारसं कळलंही नाही. दादाने मोटार विकली. पुढे सहली झाल्या त्या बसने. शेजारणीशी मात्र ती वर्षभर बोलली नाही. थोरली शाळेत शिकवायला लागली, ठमी लग्न करून लांब गेली.

स्पर्धा दर वर्षी लागायची. डोळ्यांपुढे अगदी काळोख झाल्यावरही तो शनिवारी टीव्हीशेजारी बसायचा, टॉवेलचं टोक मुठीत घट्ट धरून. दुसरं टोक ती अडकवायची.

"दिसत नाही ना कुणाला?" तो दरडावून विचारायचा.

"नाही हो," ती म्हणायची आणि खरोखरच डोळे मिटून घ्यायची.