दोन कुंड्या आणि सिद्रामप्पाची शेळी

बीजेश्वर महाराजांच्या धुनीत पहिली पुरचुंडी टाकायचा मान घेतला, तर चंद्रप्पाच्या पदरात काय पडणार होतं? गळ्यात हार, मंचावर खुर्ची आणि नव्या लातूर जिल्ह्यात ‘सिद्ध बियाण्या’ची एजन्सी. जाणार काय होतं? बायकोनं, नीलाबाईनं, राखलेलं अश्वगंधेचं बी. चंद्रप्पाला सौदा स्वस्त वाटला.

निलंग्याजवळच्या त्या गावात विहिरींना पाणी नव्हतं, पण मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर तीन आठवड्यांपूर्वी पेरलेल्या दोन कुंड्या. एकीत गावचं बी, दुसरीत महाराजांनी फुंकर घातलेलं. गावच्या बियाला रोज पितळी तांब्यातलं तीर्थ, सिद्ध बियाला चांदीच्या. विटाळ नको म्हणून! आज सिद्ध कुंडी हिरवीगार, गावची ओसाड.

“विद्यापीठाला नवं वाण काढायला दहा वर्षं लागतात. आम्हाला एक फुंकर!” महाराज गरजले. “पापी बी धुनीत टाका, सिद्ध बी घरी न्या!”

फुकट न्या, असं मात्र म्हणाले नाहीत.

हार घालून चंद्रप्पानं पुरचुंडी टाकली. बी तडतडलं. टाळ्या पडल्या. दुसरी उचलली, तशी नीलाबाईनं त्याचं मनगट धरलं.

“अवो, चार साल झाले, जाड मुळीच्या झाडाचंच बी राखून राहिले मी. जाळून काय राहिलात?”

“गप! लोक बघून राहिलेत.”

तेवढ्यात सिद्रामप्पाची शेळी मंचावर चढली. अश्वगंधेची कडू रोपं तिनं नुसती हुंगली आणि ओसाड कुंडीतली माती चाटायला लागली.

“हाकला तिला!” महाराज किंचाळले.

“थांबा,” शाळेच्या उमादेवी बाई उठल्या. “शेळी माती कशासाठी चाटते हो?”

“मिठासाठी!” मागच्या बायकांतून गुणाबाई ओरडली.

बाईंनी पितळी तांब्या महाराजांपुढे धरला. “तीर्थच ना? घ्या एक घोट.”

“आज आमचा उपवास.”

“तीर्थानं उपवास मोडतो?”

सिद्रामप्पानं तांब्या हिसकून तोंडाला लावला आणि तिथंच थुंकला. “अरं, लोणच्याचा खार हाय की ह्यो!”

“खाऱ्या पाण्यात कुणाचंच बी उगवत नाही,” बाई म्हणाल्या, “फुंकर घातलेलंसुद्धा. दोन बियांची तुलना करायची तर माती एक हवी, पाणी एक हवं. तांबे दोन का, हे आपण विचारायचं होतं, शेळीनं विचारलं. वाण फुंकरीनं होत नाही. ते नीलाबाई करते तसं होतं: मुळी बघायची, चांगल्या झाडाचं बी ठेवायचं, पुन्हा पेरायचं. हात जोडायच्या आधी कुंडीत बोट घालून बघत जा!”

शेवटी जमाखर्च असा झाला. महाराजांना पोलिसांची जीप मिळाली. गावाचं बी वाचलं. चंद्रप्पाला मंडपातल्या खुर्च्या उचलाव्या लागल्या.

नीलाबाई काडीनं धुनीची राख उकरत बसली. जळालेली पुरचुंडी यंदाची होती, सगळ्यात जाड मुळ्यांची. हाराची किंमत तिनं भरली. हार अजून चंद्रप्पाच्याच गळ्यात होता.