बंदरातला मालाउली

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, आणि खरं कधी बोलू नये हेही कळत नाही.

त्या दिवशी इंजिन रुसलं म्हणून बाहेर समुद्रात न जाता त्यानं आमच्या बेटावरच्या पागो पागो बंदरातच गळ टाकला. पाऊस पडला की डोंगराची सगळी माती या बंदरात उतरते. तळाला काळा गाळ, त्यात डबे, टायर, पोरांचे डायपर. इथला मासा खाऊ नका म्हणून सरकारी पाटी लावलेली. आणि गळाला लागला तो नेमका मालाउली!

मालाउली मासा घरी शिजवायचा नसतो, तो मताईंचा, गावप्रमुखांचा मान. किनाऱ्यावर निम्म्या गावानं तो पाहिलेला. द्यावा तर म्हाताऱ्याच्या पोटात विष, न द्यावा तर आमची नाचक्की. माझं डोकंच चालेना. शेवटी म्हटलं, नेऊन दे, पण कुठला ते सांग, म्हणजे खाणार नाहीत.

त्यानं सांगितलं. मताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं म्हणे. बंदरात मालाउली परतला, म्हणजे पाणी निवळलं, असं म्हणून त्यांनी मासा लगेच चुलीवर चढवायला लावला.

संध्याकाळी त्यांची बायको, साविली काकी, केळीच्या पानावर आमचा वाटा घेऊन आली. पकडणाऱ्याच्या घरी वाटा यायचाच, पण हा पोटाचा चरबीदार तुकडा खास आमच्या लेकीसाठी, लुइसासाठी होता. पोरगी सात महिन्यांची गरोदर. काकी चटईवर ऐसपैस बसली, लुइसानं खाल्ल्याशिवाय काही उठणार नव्हती. रविवारी चर्चमध्ये मताई सांगणार होते, पोरांना आता बंदरात पोहायला सोडा.

"काकी, ती पाटी अजून तिथंच आहे," मी चाचरत म्हटलं.

"पाटीला काय कळतंय? तुझ्याच नवऱ्यानं सांगितलं ना, मासा बंदरातला म्हणून?"

नवऱ्यानं मान डोलावली, मेल्यानं. लुइसानं हात पुढे केला. मला काय झालं कोण जाणे, मी पान ओढलं आणि अख्खा तुकडा तोंडात कोंबला. काकी बघतच राहिली. हिला डॉक्टरांनी मासा बंद केलाय, असं मी भरल्या तोंडानं कसंबसं सांगितलं. चव इतकी सुरेख होती की मला रडूच आलं.

"बघ, आवडला ना?" काकी म्हणाली. "मग सोडायची ना पोरं पाण्यात?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच कळलं नाही. काकी मात्र खुशीत उठून गेली.