चिमणी मेहरची, मी लाडका

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा घोडा आहे. माझं नाव राजा. स्वभावाने मी मत्सरी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, हा घोडा त्या बिचाऱ्या चिमणी घोडीच्या एवढा वाईटावर का?

माझा जन्म पाचगणीचा. चांदसाहेब नावाच्या घोडेवाल्याच्या तबेल्यात मी जन्मलो, तेव्हा तोही नुकतं मिसरूड फुटलेला पोरगाच होता. माझी आई लवकर गेली, म्हणून त्याने मला बाटलीने दूध पाजलं. मोठा झालो तसा माझ्या गळ्यात घुंगरांची माळ आली आणि कपाळावर लाल गोंडा आला. टेबललँडच्या पठारावर पाहुणे उतरले की मुलं माझ्याकडेच बोट दाखवायची. चांदसाहेब ज्याला त्याला सांगायचा, "ह्यो माझा जीव हाय." त्यावर मी मान अशी काही ताठ करायचो की विचारू नका!

त्याच तबेल्यात चिमणी होती. ठेंगणी, तांबूस, पोट सुटलेली घोडी. तिला गोंडा बांधला असता तर गोंड्यालाच लाज वाटली असती.

पुढे चांदसाहेबाचा निकाह वाईच्या अकिलाशी ठरला. अकिलाचे वडील आमच्याही तबेल्यातल्या घोड्यांना नाल ठोकायचे. आता निकाहात नवऱ्याने बायकोला मेहर द्यायची असते. मेहर म्हणजे तिच्या एकटीच्या हक्काची चीज. पण पुष्कळ घरांत ती नुसती बोलून ठेवतात, उधार म्हणतात, आणि पुढे बायकोने ती माफ करून टाकावी अशी अपेक्षा असते. अकिलाने मात्र आतून निरोप पाठवला, "मेहर उधार नको, रोख पायजे. एक घोडं." मांडवात हशा पिकला. चांदसाहेब खुशीत होता. "तुला आवडंल ते घे की," म्हणाला.

त्या दिवशी वरातीसाठी आम्हा घोड्यांना मांडवाबाहेर बांधलं होतं आणि मला घासूनपुसून पुढे उभं केलं होतं. अकिला मलाच निवडणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आणि तिच्या वडिलांनी माझ्यापुढून जाऊन चिमणीचं दावं सोडलं! लेकीने तेच नाव सांगितलं होतं. काजींसमोर, साक्षीदारांसमोर ती ठेंगणी अकिलाची झाली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी दिवसभर तोबऱ्याला तोंड लावलं नाही.

तेव्हापासून चिमणी माझ्या डोळ्यांत खुपू लागली. अकिला तिला रोज स्वतःच्या हाताने खरारा करायची. तिला घेऊन ती पठारावर आली, तेव्हा बाकीचे घोडेवाले हसले. पण लहान मुलांच्या आया चिमणीच शोधू लागल्या, कारण ती कधी उधळायची नाही. मी वाऱ्यासारखा धावायचो आणि मुलं घाबरून रडायची. रडणारी मुलं मग चिमणीवर बसून हसत परत यायची. ते हसू ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं.

माझ्या कमाईवर घर चालायचं. चिमणीची कमाई अकिला वेगळी ठेवायची आणि त्यातून लेकीची, सबाची, शाळेची फी भरायची. सबा शाळेतून आली की आधी चिमणीच्या गळ्यात पडायची. मी खूर आपटायचो. तिचं लक्षच नसायचं.

काही वर्षांपूर्वी चांदसाहेबाच्या डोक्यात टॅक्सी घेण्याचं खूळ शिरलं. पाहुणे आता महाबळेश्वरचे पॉइंट गाडीतून बघतात, घोड्यावर कोण बसतं, असं त्याचं म्हणणं. टॅक्सीला सुरुवातीचे पैसे भरायचे, तर एक घोडं विकावं लागणार होतं. वरातीला घोडे पुरवणारा केरबा विट्याहून आला. मी गळ्यातले घुंगरू मुद्दाम वाजवले. केरबाने चिमणीच्या कानाशी टाळी वाजवली. ती हलली नाही.

"हीच पायजे," केरबा म्हणाला. "बँडच्या आवाजाला बुजायची न्हाई."

मला राग आला आणि आनंदही झाला. विकत घ्यायलाही तिलाच निवडलं याचा राग, आणि ती जाणार याचा आनंद! चांदसाहेबाने तिच्या दाव्याला हात घातला, तोच अकिला बाहेर आली.

"आवं, ती माझी हाय. तिच्यावर सबाची शाळा चालती. ती गेली की पोरगी घरात बसंल."

"नवरा-बायकोचं काय येगळं असतं व्हय?" चांदसाहेब म्हणाला.

त्याची म्हातारी फुफी, म्हणजे आत्या, अकिलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "दिऊन टाक गं. नवऱ्याला मेहर माफ केली की सवाब मिळतो, पुण्य लागतं."

अकिला रडली, पण तिने दावं सोडलं नाही. शेवटी चांदसाहेब रागारागाने मशिदीतल्या मौलानांनाच घेऊन आला. ते आपल्याच बाजूने बोलतील, अशी त्याची खात्री होती. मीही कान टवकारले.

मौलाना म्हणाले, "चांदसाहेब, मेहर तिची हाय. तुमच्या तबेल्यात बांधली म्हणून तुमची हुत न्हाई. तिनं खुशीनं दिली तर घ्या. दमदाटीनं घ्याल तर हराम." मग अकिलाकडे वळून त्यांनी विचारलं, "बेटी, तुझी खुशी हाय का?"

"न्हाई," अकिला म्हणाली.

केरबा भला माणूस. तो म्हणाला, "बाईंच्या मनात न्हाई, तर मला नको गड्या."

चांदसाहेब धुसफुसत अकिलाला म्हणाला, "एवढं हुतं तर तवाच राजाला का न्हाई मागितलंस?"

"राजा तुमचा जीव हुता," ती म्हणाली. "मेहरमधी कुणाचा जीव मागत न्हाईत."

म्हणजे तिने मला नाकारलं नव्हतं, माझ्या धन्याचं मन राखलं होतं! ते राखलं नसतं तर किती बरं झालं असतं, हे मला पुढच्याच क्षणी कळलं. चांदसाहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने माझं दावं सोडलं आणि केरबाच्या हातात दिलं. वरातीला पांढरा घोडा शोभतो, म्हणून केरबानेही मला घेतलं. आणि मला विकताना चांदसाहेबाला कुणालाच विचारावं लागलं नाही.

आता मी विट्याला असतो. डीजेच्या दणक्यात पाठीवर नवरदेव घेऊन उभा राहतो. माझे कान निम्मे गेलेत. मागच्या महिन्यात चांदसाहेब टॅक्सीतून वऱ्हाड घेऊन इथे आला होता. मला ओळखून माझ्या मानेत तोंड खुपसून तो रडला. केरबाला सांगत होता, सबा आता साताऱ्याला कॉलेजात जाते. चिमणी थकली, काही काम करत नाही, नुसती बसून खाते. विकू या म्हटलं तर अकिला म्हणते, माझी हाय, मी पोसीन. एवढं बोलून त्याने डोळे पुसले, मला गुळाचा खडा दिला आणि तो गाडी घेऊन निघून गेला. चिमणी बसून खाते हे ऐकून माझा अजूनही जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरात आई आहे, बहीण आहे. त्यांचे लाड जरूर करा. पण जे त्यांचं आहे ते चार माणसांसमोर त्यांच्या हातात द्या आणि पुन्हा त्याला हात लावू नका. चांदसाहेबाचं माझ्यावरचं प्रेम खोटं नव्हतं. माझे लाड तर चिमणीपेक्षा कितीतरी जास्त झाले. तरीही मला विकता आलं.