खैरीची मान

शर्यतीच्या कबुतरांची चित्रं काढावीत तर अड्याळच्या करुणाताईंनीच, असं आसपासचे कबुतरवाले म्हणत. म्हणून रायपूरहून सोडलेली खैरी परतली नाही, तेव्हा कुंदन मोबाइलमधला तिचा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेला. खैरी नाही तर निदान तिचं चित्र तरी घरात हवं होतं त्याला.

चित्र झालं. छाती, पंख, पायातलं कडं, सगळं जिथल्या तिथं. कुंदन बराच वेळ पाहत राहिला आणि ओशाळून म्हणाला, "चांगलं हाय ताई, पण हे कोनाचंही कबुतर असू शकते."

करुणाताई रागावल्या नाहीत. "घरी आली का काय करे ते सांग."

"सरळ आत नाही शिरे. दारात थांबून मागं पाहे, बाकीचे कुठवर आले म्हनून. आत शिरल्यावरच वेळ धरतेत ना! तिच्या ह्या खोडीपायी हारलो मी, ताई."

ताईंनी मानेवरचा रंग खरवडला आणि मान पुन्हा रंगवली, मागे वळलेली, डोळा आभाळाकडे.

"हेच! हेच करे ते!" म्हणत कुंदननं चित्र उचललंसुद्धा.

"थांब ना बावा, मान ओली हाय अजून."

मग खैरी वाळेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.