अगदी तिच्यासारखी

"पावडर नको, व्हर्लीनमावशी. आणि तो विगही नको."

रोशेलने हे इतक्या शांतपणे सांगितले, की व्हर्लीनचा हात डबीच्या झाकणावरच थांबला. समोरच्या टेबलावर रोशेलची आई ओझेला निजली होती, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून. दुपारी दर्शनाला माणसे यायची होती.

"नको म्हणजे?" व्हर्लीन म्हणाली. "अगं, दारातली पत्रपेटी उघडायलासुद्धा तुझी आई पावडर लावल्याशिवाय गेली नाही कधी."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय."

व्हर्लीन ही मेबरी नावाच्या गृहस्थांच्या अंत्यसंस्कारगृहात मृतांचे केस आणि चेहरे करीत असे. मेकन शहरातल्या काळ्या लोकांच्या वस्तीतील कितीतरी घरांची माणसे तिच्या हाताखालून गेली होती. स्वतःच्या कामाची तिची कसोटी एकच होती. दर्शनाला आलेल्याने शवपेटीपाशी वाकावे आणि म्हणावे, 'अगदी तिच्यासारखी दिसतेय.' ते शब्द कानावर पडले की भिंतीलगतच्या खुर्चीत ती निवांत टेकत असे. ओझेलाचे काम तिने आपण होऊन मागून घेतले होते. नवरा गेला, मुलगा टेक्सासला स्थायिक झाला, त्यानंतर मोकळेपणाने बोलावे असे तिला एकच माणूस उरले होते, आणि ते आता या टेबलावर होते.

रोज दुपारी मालिका सुरू झाली की दोघी आपापल्या घरी टीव्हीसमोर बसत आणि फोन कानाशी धरत. ओझेलाची मते ठाम असत. "हिचं नाक नवीन आहे गं. नाताळात जुनं होतं!" एखादी नवी नायिका काळीभोर निघाली, तर "अगं, दिवा लावा कुणीतरी, बाई दिसेना!" असे म्हणून ती खो खो हसे. व्हर्लीनही हसे. ओझेला स्वतः त्या नायिकेहून काळी होती, ही गोष्ट दोघींपैकी कोणीच कधी तोंडातून काढली नाही. दुकानातल्या छटा ओझेलाला पसंत पडत नसत, म्हणून दोन डब्यांतली पावडर एकत्र कालवून व्हर्लीनच तिला हवी तितकी उजळ करून देई. जबड्याखाली पावडर जिथे संपे, तिथे एक रेघ उमटे. त्या रेघेवर ओझेला स्कार्फ बांधी, जुलैच्या उन्हातसुद्धा.

"मी केस बारीक कापले, तेव्हा आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही," रोशेल म्हणाली. "'आफ्रिकेतून आलीस का?' म्हणाली मला."

"गंमत केली असेल गं."

"गंमत नव्हती, मावशी. मुखपृष्ठावर कुणी काळीभोर मुलगी दिसली, की ती मासिक पालथं घालून ठेवायची. आता पोरींना तोच रंग सुंदर वाटतो. माझ्या लेकीच्या भिंतीवर तसलीच चित्रं आहेत."

"तुमचा काळ वेगळा, पोरी." व्हर्लीनचा आवाज किंचित चढला. "ही लहान असताना चर्चच्या नाटकात हिला कधी देवदूत केलं नाही. गोऱ्यांनी नव्हे, आपल्याच माणसांनी. जन्मभर हिनं जे झाकलं, ते तू आज सगळ्या गावासमोर उघडं करणार? हा तुमचा मोर्चा नाही. हिचा अंत्यविधी आहे."

रोशेलने चादरीचा काठ सरळ केला.

"मला मोर्चा नकोय," ती म्हणाली. "मी तिचा चेहराच कधी पाहिला नाही, मावशी. मी उठायच्या आत ती पावडर लावून बसलेली असायची. दवाखान्यातसुद्धा आधी डबी मागायची, मग मला आत येऊ द्यायची. एकदा तरी बघू दे ना मला, माझी आई कशी होती ते."

दारातून जाता जाता मेबरींनी आत डोकावले. "लेक म्हणेल तसं करा, व्हर्लीन," एवढे बोलून ते पुढे गेले.

रोशेल बाहेर जाऊन बसली. व्हर्लीनने कापूस भिजवला आणि कपाळापासून सुरुवात केली. मृताच्या कातडीचा रंग उतरतो. तो पुन्हा आणावा लागतो. या चेहऱ्याचा मूळ रंग कोणता, हे विचारावे तर सांगणारे कोणी नव्हते. व्हर्लीनने चादर थोडी खाली सारली, त्या रेघेखालचा गळा पाहिला आणि त्यावरून रंग जुळवत आणला. गर्द, तांबूस झाक असलेला काळा. विगखालचे केस विरळ होते, कापसासारखे मऊ. त्यांच्या दोन वेण्या घालून तिने त्या डोक्यावर आडव्या बांधल्या. मग मागे सरून पाहिले. गालांची हाडे उंच, ओठांना एक हट्टी वळण. टेबलावर एक देखणी, अनोळखी बाई होती.

रोशेल आत आली. आईच्या गालावर पालथा हात ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

दर्शन सुरू झाले. चर्चमधल्या बायका टोप्या सावरीत रांगेने येत होत्या.

"अगबाई, ही कोण? आपण चुकीच्या खोलीत आलो की काय?"

"ओझेलाच आहे. बाहेर नाव लिहिलंय."

"छे! ओझेला इतकी काळी नव्हती!"

"हल्लीच्या गायिकांचं खूळ आहे हे. स्वतः पिवळे केस लावून नाचतात, आणि आपल्याला म्हणतात, देवानं दिलंय तशाच राहा!"

त्यांच्यातली डोरेथा मात्र सरळ भिंतीजवळ आली. "व्हर्लीन, काय केलंस गं हे? तुझी मैत्रीण ना ती? बिचारीला अशी उघडीच पाठवलीस?"

अर्धी माणसे दर्शन घेऊन गेली, तरी ते नेहमीचे शब्द कोणाच्याही तोंडून आले नव्हते.

मग अलाबामाहून ओझेलाचा थोरला भाऊ क्लीओफस आला. चालायच्या आधाराची चौकट पुढे टेकवत, फुलांना धक्का देत तो पेटीपाशी पोचला आणि खाली वाकला. त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"किती वर्षांनी दिसलीस गं, ओझी!" तो म्हणाला. मग भाचीकडे वळला. "मेकनला आलो, की एक बाई दार उघडायची. बाई चांगली होती. जेवायला घालायची, टीव्हीवरच्या गोष्टी सांगून हसवायची. पण रोशेल, माझी बहीण म्हणजे ही. अगदी तिच्यासारखी."

रोशेल मामाच्या खांद्यावर डोके टेकून रडू लागली. बायकांची कुजबुज थांबली.

ते शब्द आले होते, तरी व्हर्लीनला खुर्चीत टेकवेना. दार उघडणारी ती बाई, तिलाच तर ती ओळखत होती. नाकांची चौकशी करणारी, खो खो हसणारी. त्या बाईला निरोप द्यायला इथे दुसरे कोणीच आलेले नव्हते.

तिने कामाचा अंगरखा काढून दाराआड टांगला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे फिकट निळ्या टोपीतली परगावची कोणी बाई होती. रांग थांबली तशी ती मागे वळली.

"तुमची ओळख होती का हिच्याशी?"

सकाळी कोणी विचारले असते, तर व्हर्लीनला उत्तर शोधावे लागले नसते.

"थोडीशी," ती म्हणाली.

व्हर्लीनची पाळी आली. सकाळभर तिने हाताळलेला तो चेहरा आता वीतभर अंतरावर होता. डावीकडची वेणी कानामागे जरा सैल झाली होती. एरवी असे काही दिसले, की तिचा हात आपोआप पुढे जाई. आज तिने दोन्ही हात पर्सवर धरून ठेवले आणि परक्या माणसाने लववावी तशी मान लववून ती पुढे सरकली.