मुली श्वास घेणारच

रुक्मिणी मार्चमध्ये गेली. माळ्यावरच्या मुली मात्र येत राहिल्या.

आमचं घर घाटकोपरच्या टेकडीवर. खाली एक खोली आणि वर लोखंडी पत्र्याच्या उतरत्या छपराचा माळा. माझी बायको रुक्मिणी अंगणवाडीत होती. वस्तीतल्या मुलींना घरी पुस्तक उघडायला जागा नसते, म्हणून तिने माळा त्यांना दिला. त्या पहाटे येतात आणि कॉलेजला जाईपर्यंत बसतात. ती गेल्यावर लोकांना वाटलं, आता हे बंद होणार. मी बंद केलं नाही. सकाळी जिन्यावर त्यांच्या चपला वाजतात तेव्हा मी उठतो. त्या आल्या नाहीत तर कशाला उठायचं, ते मला माहीत नाही.

उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवत नसे. रुक्मिणीचा धाकटा भाऊ नंदू याचा चारकोपला छताच्या प्लास्टिक पट्ट्या बसवायचा धंदा आहे. एप्रिलमध्ये तो माणसं घेऊन आला.

"ताईसाठी करतोय दाजी. तुम्ही मध्ये बोलू नका."

त्याने पत्र्याला घट्ट चिकटवून थर्माकोल लावला, त्याखाली पांढऱ्याशुभ्र पट्ट्या. वारा येणाऱ्या सगळ्या फटी बुजवल्या. समोरच्या भिंतीवर रुक्मिणीचा फोटो आणि त्यावर दिवा. माळा थंड झाला. मुलींनी उन्हाळा काढला, पावसाळाही काढला.

नोव्हेंबर संपता संपता थंडी पडली आणि दिशाच्या वहीवर पाणी ठिबकलं. दिशा बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचंय.

"काका, पत्रा गळतोय."

"पाऊस कुठाय गं?"

"मला काय माहीत? माझं केमिस्ट्री भिजलं."

नंदू आला, पत्र्यावर चढला आणि प्रत्येक स्क्रूवर डांबर थापून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पट्ट्यांच्या सांध्यांवर पिवळे डाग आले, कोपऱ्यात काळी बुरशी. माळ्याला कुबट वास यायला लागला.

सहा डिसेंबरच्या सुमारास मुली दादरला स्टॉलवर पाणी वाटायला गेल्या. तेवढे दिवस माळा रिकामा होता आणि छत कोरडं. नंदूने हात लावून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"सापडलं दाजी! पत्रा गळत नाही. ह्या पोरी! एवढ्या जणी बंद खोलीत श्वास सोडतात, खालून तुमच्या चहाची वाफ येते. ती सांध्यांतून वर जाते, गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं. मग खाली येणारच ना."

"बरोबर आहे तुझं. मग?"

"मग काय? त्यांना सांगा, दुसरीकडे बसा. ताईची खोली जपायची ना आपण? वाट लागली हो सिलिंगची."

"दुसरीकडे कुठे?"

"ते त्यांच्या आईबापांनी बघावं."

पाण्याचं त्याने अचूक सांगितलं होतं. मी म्हटलं, "मुली श्वास घेणारच, नंदू."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या सिलिंगला मुली चालत नसतील, तर सिलिंग जाईल. मुली नाही."

"मी ते ताईच्या नावाने लावलंय!"

"तुझी ताई दिवसभर पोरांची नाकं पुसायची. तिला पांढऱ्याचं काय कौतुक होतं?"

त्याचे डोळे भरले. "काढा मग. मी येणार नाही," असं म्हणून तो गेला. मी त्याला हाक मारली नाही.

रविवारी मी पट्ट्या उतरवल्या. मुली खालून झेलत होत्या. मागचा थर्माकोल ओला, तो धरणाऱ्या लाकडी पट्ट्या काळ्या पडून इतक्या मऊ झालेल्या की बोटाने दाबून खिळा आत जायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे सगळं मुलींच्या डोक्यावर आलं असतं. नंदूने बघायला हवं होतं, असं मला वाटलं.

नवीन लाकूड आणलं. पत्रा पुसून वाळू दिला. या वेळी थर्माकोल पत्र्यापासून वीतभर खाली बसवला, मधली जागा मोकळी सोडली. पागोळ्या पडतात त्या कडेला फट ठेवली, आणि वर आढ्याजवळ दोन्ही भिंतींना भोकं पाडून जाळी लावली. वारा खालून शिरतो, पत्र्याखालून जातो आणि वरून बाहेर पडतो. खोलीच्या बाजूने प्रत्येक सांधा चिकटपट्टीने बंद केला, म्हणजे श्वासाची वाफ वर जाणार नाही. ती बाहेर फेकायला खिडकीत पंखा बसवला. चहा उकळताना जिन्याच्या तोंडावर फळी टाकतो. पट्ट्या धुऊन त्याच लावल्या, डागांसकट. फोटो खाली आणला, गॅसच्या बाजूला.

नंदूचा फोन आला. "ऐकलं मी. उंदीर शिरतील."

"जाळी आहे."

"दिसतं कसं पण?"

"वाईट," मी म्हटलं. फोन कट झाला.

जानेवारीत कडक थंडी पडली तेव्हा तो भल्या सकाळी न सांगता आला. मुली माळ्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत तो छताला सगळीकडे तळहात लावत फिरला. हात कोरडाच राहिला. दिशा म्हणाली, "नंदूमामा, पायाखाली माझी वही आहे." त्याने पाय उचलला. मग माझं भिंतीतलं भोक बघितलं.

"हे कोणी पाडलं? हातोडीने?"

"मी."

"तरीच. भोक पाडलंय की भिंत खरवडलीय? आणि केवढंसं हे! एवढ्या जणींना पुरतंय होय?"

तो खाली गेला आणि स्कूटरवरून ड्रिल घेऊन आला. शिडी लावून चढतोय तोच जिन्यात दोन नव्या मुली उभ्या राहिल्या. खालच्या गल्लीतल्या, दप्तरं पोटाशी धरलेल्या.

"काका, जागा आहे का?"

"नाही," नंदू शिडीवरून म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "सरका गं जरा."

"दाजी, अजून दोघी म्हणजे अजून वाफ."

"मग भोक मोठं कर."